बोटे मोडणे

बोट ओढून, वाकवून किंवा मुठीत दाबून त्याच्या सांध्यातून ‘कट्’ असा आवाज काढण्याची क्रिया. शब्द मोडण्याचा असला तरी यात मोडत काहीच नाही. हाडावर हाड आपटत नाही आणि सांधा जागचा निसटतही नाही. सर्वांत ठळक आवाज येतो तो बोटांच्या मुळाशी, म्हणजे मूठ वळल्यावर जे चार उंचवटे दिसतात तिथल्या सांध्यांतून. पेरांमधले सांधेही वाजतात.

मराठीत या क्रियेला परस्परविरुद्ध अर्थ चिकटले आहेत. आजी नातवाच्या तोंडावरून हात उतरवते आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडते, ती त्याची दृष्ट निघावी म्हणून. बोटे जितकी जोरात वाजतील तितकी नजर जास्त लागली होती, असे समजतात. याउलट कुणाच्या नावाने बोटे मोडायची म्हणजे त्याला शिव्याशाप द्यायचे. मात्र तीच आजी नातवाला रिकामपणी बोटे मोडताना पाहते तेव्हा ‘सांधे खिळखिळे होतील’ म्हणून दटावते. संधिवाताची ही भीती इतर देशांतही तितकीच जुनी आहे, आणि तिची तपासणी झाली तीही मुख्यतः अमेरिकेत.

आवाजाचे कारण सांध्याच्या रचनेत आहे. दोन हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात. त्यांभोवती बंद पिशवीसारखे आवरण असते आणि आत थोडेसे वंगण. या वंगणात कार्बन डायऑक्साइडसारखे वायू विरघळलेले असतात. बोट ओढले की चिकटून बसलेली टोके आधी दाद देत नाहीत, मग एकदम अलग होतात. आतला दाब झपाट्याने उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. सोड्याच्या बाटलीचे बूच उघडल्यावर बुडबुडे दिसू लागतात, तसाच हा प्रकार. एकदा वाजलेला सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, कारण वायू वंगणात परत विरघळायला साधारण वीस मिनिटे लागतात.

इथपर्यंत एकमत आहे. आवाज नेमका कोणत्या क्षणी होतो, यावर मात्र वाद आहे. लंडनमध्ये रॉस्टन आणि व्हीलर हेन्स यांनी 1947 मध्ये बोटे ओढताना क्ष-किरण चित्रे घेतली आणि आवाजाचा संबंध पोकळी तयार होण्याशी जोडला. लीड्सच्या अनस्वर्थ, डाउसन आणि राइट यांनी 1971 मध्ये उलट निष्कर्ष काढला : बुडबुडा फुटतो तेव्हा आवाज होतो. चार दशके हेच मानले गेले. मग 2015 मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात ग्रेगरी कावचुक यांच्या गटाने दहा सांध्यांचे ‘एमआरआय’ चलचित्रण केले, तेव्हा आवाजानंतरही पोकळी जागेवरच दिसली. पण त्या चित्रणाचा वेग सेकंदाला जेमतेम तीन चित्रांचा होता आणि ‘कट्’ त्याहून कितीतरी झटपट होऊन जातो. त्यामुळे त्यावरून शेवटचा निवाडा देणे घाईचे ठरते. 2018 मध्ये विनीत चंद्रन सुजा आणि अब्दुल बराकत यांनी गणिती प्रतिमान मांडून मधली वाट सुचवली. बुडबुडा पुरता न फुटता थोडा आकसला तरी असा आवाज निघू शकतो. मग आवाज आकसण्याचा असूनही पोकळी नंतर दिसते, आणि दोन्ही बाजूंची निरीक्षणे एकत्र नांदू शकतात.

आता अपायाविषयी. या विषयातला सर्वांत गाजलेला प्रयोग कॅलिफोर्नियाचे डॉक्टर डोनाल्ड अंगर यांचा. लहानपणी आई आणि मावश्या-आत्यांनी, पुढे सासूबाईंनीही, त्यांना संधिवाताची भीती घातली होती. अंगर यांनी पन्नास वर्षे दिवसातून किमान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटे मोडली. उजवा हात तुलनेसाठी राखून ठेवला. हिशोब किमान 36,500 वेळांचा होतो. 1998 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाला पाठवलेल्या पत्रात त्यांनी कळवले की दोन्ही हातांत संधिवात नाही आणि दोन्ही हातांत फरकही नाही. 2009 मध्ये त्यांना या चिकाटीबद्दल ‘इग नोबेल’ हा विनोदी पुरस्कार मिळाला. कौतुक करावे तेवढे थोडेच, पण पुरावा म्हणून हा एकाच माणसाचा अनुभव आहे.

जास्त वजनदार पाहणी 2011 ची, डीवेबर आणि सहकाऱ्यांची. त्यांनी 50 ते 89 वर्षे वयाच्या 215 जणांच्या हातांची क्ष-किरण चित्रे तपासली. बोटे मोडणाऱ्यांपैकी 18.1 टक्क्यांच्या हातांच्या सांध्यांत झीज आढळली आणि न मोडणाऱ्यांपैकी 21.5 टक्क्यांच्या. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या नगण्य आहे, त्यामुळे बोटे मोडल्याने सांधे सुधारतात असा अर्थ कुणी काढू नये. रोज किती वेळा आणि किती वर्षे, असा गुणाकार करून पाहिला तरी संबंध दिसला नाही. 1975 मध्ये एका वृद्धाश्रमातील 28 जणांच्या छोट्या पाहणीतूनही हेच निघाले होते.

विरोधी सूर 1990 चा. कास्तेयानोस आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी पंचेचाळिशीच्या पुढच्या 300 रुग्णांना तपासले. त्यांपैकी 74 जणांना बोटे मोडायची सवय होती. संधिवात त्यांच्यातही जास्त नव्हता, पण हाताला सूज आणि मुठीची कमी पकड जास्त दिसली. हा निष्कर्ष बातम्यांत वारंवार येतो. त्याच पाहणीत बोटे मोडणाऱ्यांत अंगमेहनतीची कामे, धूम्रपान आणि मद्यपानही जास्त आढळले होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आयुष्यभर फावडे मारणाऱ्याचा हात सुजला तर दोष बोटे मोडण्याला द्यायचा की फावड्याला? अलीकडे कॅलिफोर्नियातच 40 जणांच्या 400 सांध्यांची सोनोग्राफी झाली, तीत सूज किंवा अशक्तपणा आढळला नाही. उलट बोट वाजल्यावर सांधा थोडा जास्त वळत होता. मोकळे वाटते ते उगाच नव्हे.

धोका असलाच तर तो जोराचा आहे. हिसका देऊन बोट पिळल्याने सांध्याभोवतीच्या स्नायुबंधांना इजा झाल्याची तुरळक उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

बोटातला प्रत्येक आवाज बुडबुड्याचा नसतो. वीस मिनिटे न थांबता प्रत्येक हालचालीला ‘टक्’ वाजत असेल तर बहुधा स्नायूची दोरी हाडाच्या कडेवरून सरकत असते. तीही दुखत नसेल तर चिंतेचे कारण नाही. करकर, वेदना, सूज, बोट वाकलेलेच अडकून राहणे किंवा सकाळी उठल्यावर बराच वेळ हात आखडलेले राहणे, ही लक्षणे वेगळी. आमवातासारख्या आजारात ती दिसतात आणि ती बोटे मोडण्याच्या सवयीमुळे आली असतील असे समजून डॉक्टरकडे जाणे लांबवू नये.