केंदाळ, भोवरे आणि गुरूवरचा तांबडा डाग

शिवाजी पुलाच्या कठड्याला टेकून पंचगंगा पाहत उभं राहिलं, तर नुसत्या पाण्याकडे बघून त्याचा वेग कळत नाही. केंदाळाचा एखादा पुंजका वाहत आला, की मग कळतो. काठावरच्या एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जायला त्याला किती वेळ लागला ते मोजायचं, बस्स.

गुरू ग्रहावरचे वारे मोजायची रीत हीच आहे. वारा दिसत नाही, ढग दिसतात. आज एक छायाचित्र घ्यायचं आणि थांबायचं. गुरू स्वतःभोवतीची फेरी ९ तास ५५ मिनिटांत पुरी करतो, म्हणजे दहा तासांनी तीच बाजू पुन्हा समोर येते. तेव्हा दुसरं छायाचित्र घ्यायचं आणि तोच ढग किती सरकला ते पाहायचं.

जुलै २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने अशीच दहा तासांच्या अंतराने छायाचित्रं घेतली. त्यांतून गुरूच्या विषुववृत्तावर वाऱ्याचा एक अरुंद झोत सापडला. अरुंद म्हणायचा तो गुरूच्या मानाने. रुंदी ४,८०० किलोमीटरहून जास्त! वेग ताशी ५१५ किलोमीटर. त्या वेगाने कोल्हापूरहून निघालेला माणूस पाऊण तासात मुंबईत उतरेल. हा झोत मुख्य ढगांच्या सुमारे ४० किलोमीटर वर, विरळ धुक्याच्या थरात वाहतो. ते धुकं पूर्वीच्या छायाचित्रांत पुसट दिसायचं. वेबच्या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याला त्यातले बारीक पुंजके वेगळे दिसले, आणि झोत हाती लागला.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती पुढची. वेबनंतर एका दिवसाने हबल या दुसऱ्या अंतराळ दुर्बिणीने गुरूकडे पाहिलं आणि खालच्या ढगांचा वेग मोजला. एकीने वरचा मजला पाहिला, दुसरीने खालचा. उंचीप्रमाणे वारा किती बदलतो, हे दोन्ही वेग शेजारी ठेवल्यावर कळलं. एकट्या दुर्बिणीला ते जमलं नसतं.

आता तांबड्या डागाकडे येऊ. राजाराम बंधाऱ्याच्या खाली, जोराची धार आणि संथ पाणी यांच्या सीमेवर भोवरे फिरताना आपण सगळ्यांनीच पाहिलेत. तांबडा डागही दोन उलट दिशांच्या वाऱ्यांच्या मध्ये अडकलेला भोवरा आहे. फरक असा, की बंधाऱ्याखालचा भोवरा क्षणात विरतो आणि हा निदान दीडशे वर्षं अखंड दिसतो आहे. अरबी समुद्रातलं वादळ किनाऱ्याला लागलं, की समुद्राची वाफ तुटते, जमिनीशी घासून ते दमतं, आणि सह्याद्री ओलांडेपर्यंत त्यातला बराच जोर गेलेला असतो. गुरूवर ना किनारा, ना घाट. खाली टणक जमीनच नाही, आणि ग्रहाच्या पोटातून उष्णता वर येतच राहते.

तरीही डाग आक्रसतो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची लांबी सुमारे ४१,००० किलोमीटर होती. १९७९ मध्ये व्हॉयेजर यानांनी ती सुमारे २३,००० मोजली, २०१४ मध्ये हबलने सुमारे १६,५००. अजूनही त्यात आपली अख्खी पृथ्वी मावेल. गंमत म्हणजे, आक्रसत असतानाच त्याच्या बाहेरच्या कडेचे वारे जोर धरत होते. २००९ ते २०२० या काळात त्यांचा वेग ८ टक्क्यांपर्यंत वाढला आणि ताशी ६४० किलोमीटरच्या पुढे गेला. वर्षाला वाढ किती? ताशी अडीच किलोमीटरसुद्धा नाही, म्हणजे रंकाळ्यावर रमतगमत फिरणाऱ्या माणसाच्या चालीहून कमी. कोट्यवधी किलोमीटरवरून एवढासा बदल ओळखायला चांगली दुर्बीण तर हवीच, पण वर्षानुवर्षं तीच दुर्बीण, तीच नजर हवी. हबल १९९० पासून वर आहे म्हणून हे साधलं.

२०१४ पासून तर हबल गुरूची दरवर्षी ठरवून पाहणी करते. पण डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात तिने सुमारे ९० दिवस डागावर नजर ठेवली, तेव्हा वेगळंच दिसलं. डाग कधी लांबत होता, कधी आखडत होता, आणि त्याचा पुढे सरकण्याचा वेगही कमीजास्त होत होता. वर्षातून एकदाच पाहिलं असतं, तर हे हेलकावे निसटले असते.