निळा पोर्ट आणि योकचा वेग

घरी संगणकावर फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान उडवणाऱ्या हौशींमध्ये ‘योक (विमानाचं स्टिअरिंग), थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा), रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारे पेडल) निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावा, लॅग (हालचाल उशिरा दिसणं) जाईल’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे.

घरगुती कॉकपिटची बहुतेक उपकरणं यूएसबीच्या ‘फुल स्पीड’वर, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिटवर चालतात. अक्षांची स्थिती (योक, पेडल किती वळलं ते) आणि बटणं सांगायला दर वेळी मोजकेच बाइट लागतात. पोर्ट बदलला तरी उपकरण त्याच वेगाने बोलणार.

मग काहींना फरक जाणवतो तो का? विजेमुळे. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. वेगळा अ‍ॅडॉप्टर नसलेल्या हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) योक, पेडल आणि दिवे लागणारं पॅनल एकत्र जोडलं की सगळे तेवढ्यातच भागवतात आणि ऐन लँडिंगला एखादं गायब होतं. इथे स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हबच हवा. माझ्या मते कॉकपिटची पहिली खरेदी तीच. शिवाय विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला उपकरण बंद करू देणारी खूण काढा.

लॅग बहुधा फ्रेम रेटचा, म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा असतो. आधी ग्राफिक्सच्या सेटिंग उतरवून पाहा.