काराकल्ला की एलागाबालस? दाढी बघू नका, अक्षरं वाचा

कुणीतरी डेनारियसचा, म्हणजे जुन्या रोमन चांदीच्या नाण्याचा, फोटो टाकतं, खाली लिहितं "काराकल्ला, तरुणपणीचा", आणि नाणं असतं एलागाबालसचं. वर पन्नास जण "मस्त पीस" म्हणून मोकळे. वैताग येतो खरंच.

रोमन सम्राट काराकल्ला तुम्हाला माहितीये, सख्ख्या भावाला, गेटाला, 211 च्या शेवटी मारलं आणि 217 मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या कार्हेजवळ स्वतःही मारला गेला, तोच. तो पटकन सोडू. घोळ नावात आहे. काराकल्ला आणि एलागाबालस ही दोन्ही टोपणनावं, नाण्यावर सम्राटाचं नाव म्हणून ती कधीच येत नाहीत, दोघंही अधिकृतपणे मार्कस ऑरेलियस अँटोनिनस. आणि हे मुद्दाम केलेलं होतं बरं का. काराकल्लाची मावशी जुलिया मेसा हिने 218 मध्ये एमेसाजवळ, म्हणजे आजच्या सीरियातल्या होम्सजवळ, आपला चौदा वर्षांचा पुजारी नातू, म्हणजेच एलागाबालस, सैन्यापुढे उभा केला आणि हा काराकल्लाचाच अनौरस मुलगा म्हणून सांगितलं, सैनिकांचा काराकल्लावर जीव, त्यांनी उचलून धरलं. मग नाण्यावर दुसरं नाव कशाला टाकतील?

लोक चेहरा बघून ठरवतात, दाढी म्हणजे काराकल्ला, गुळगुळीत म्हणजे एलागाबालस. चूक. काराकल्ला 198 मध्ये जेमतेम दहाचा असताना ऑगस्टस, म्हणजे बापासोबत सहसम्राट, झाला, त्याची गुबगुबीत गालांची नाणी ढिगाने आहेत, आणि एलागाबालसला शेवटी शेवटी बारीक दाढी दाखवलीये. मी तर नाणं आधी उलटंच करतो.

मागच्या बाजूला 'पी एम टी आर पी' असं असेल (टीव्हीवाला टीआरपी नाही!) तर काम झालं. 'टी आर पी' म्हणजे ट्रिब्यून या रोमन पदाचे अधिकार, ते दरवर्षी नव्याने मिळायचे, म्हणून पुढचा रोमन आकडा थेट राज्याचं वर्ष सांगतो. 'पी एम' म्हणजे मुख्य पुरोहितपद, ते काराकल्लाला बाप सेप्टिमियस सेव्हेरस 211 मध्ये गेल्यावरच मिळालं, तोवर त्याच्या नाण्यावर नुसतं 'पॉन्टिफ' (साधा पुरोहित) असतं. त्याच्या वर्षांची मोजणी 198 पासूनची, म्हणजे 'पी एम' सोबत आकडा 14 ते 20 असेल तर काराकल्ला. एलागाबालस 222 मध्ये मारला गेला, त्याचा आकडा 5 च्या वर जातच नाही. 'पी एम टी आर पी 3' लिहिलेल्या नाण्याला काराकल्ला म्हणणं म्हणजे नाणं न वाचता विकणं.

तारीख नसेल तर पुढची बाजू. रोमच्या टांकसाळीतल्या चांदीच्या नाण्यांवर साधारण 201 नंतर काराकल्लाचा मजकूर थेट 'अँटोनिनस पायस ऑग' ('ऑग' म्हणजे ऑगस्टस) असा सुरू होतो, शेवटच्या वर्षांत त्याच मजकुराच्या शेवटी 'जर्म' (जर्मेनिकस) लागतं. एलागाबालसच्या मजकुरात नावाआधी 'आय एम पी' (इम्पेरेटर, म्हणजे सम्राट) ही तीन अक्षरं असतात. काराकल्लाच्या अगदी पोरवयातल्या नाण्यांवरही 'आय एम पी' आहे, पण तिथे दहा वर्षांचं पोर दिसतं. पूर्वेकडच्या टांकसाळींना हा नियम लावू नका.

मागच्या बाजूला मोकळ्या जागेत छोटा तारा दिसला तर बहुतेक एलागाबालस, पण नुसत्या ताऱ्यावर पैज लावू नका. आणि सम्राट वेदीपाशी उभा, भोवती 'साचेर्द देई सोलिस एलागाब' अशी अक्षरं, म्हणजे एलागाबाल या सूर्यदेवाचा पुजारी, असं नाणं असेल तर वाद नकोच, शेवटच्या काही नाण्यांवर तर कपाळावर शिंगासारखं काहीतरी पुढे आलेलंही दिसतं.

दुसऱ्या शतकातला जुना सम्राट अँटोनिनस पायस वेगळाच, त्याच्याकडे क्रम 'ऑग पायस' असा उलटा. त्यात घोळ घालणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

अक्षरं झिजलेली असतील तर लेबलवर 'अँटोनिनस, तिसऱ्या शतकाची सुरुवात' एवढंच लिहा आणि भाव त्याप्रमाणे लावा.