अभ्याससाहित्य सर्वांना वाचता यावे म्हणून : साधनांची पन्नास वर्षे

नोट्सची पाने स्कॅन केली, पीडीएफ करून विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवली, की काम झाले असे आपल्याकडे मानले जाते. डोळस विद्यार्थ्याचे त्यात काही अडत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, मात्र ती फाइल उघडून गप्प राहतो, कारण त्या पानांवर अक्षरे नसतात, अक्षरांची छायाचित्रे असतात. अशा फाइली हेरणारी आणि शिक्षकाला वेळीच सावध करणारी साधने आज जगातल्या अनेक विद्यापीठांत वापरात आहेत. ती तिथवर कशी पोहोचली हे पाहताना एक गोष्ट सतत दिसते : वाचता न येण्याचे ओझे आधी सगळे वाचणाऱ्याच्या खांद्यावर होते, ते फार हळूहळू साहित्य तयार करणाऱ्याकडे सरकले.

सुरुवातीची साधने वाचणाऱ्यासाठीच होती. 1976मध्ये अमेरिकेत रे कर्झवाईल यांनी छापील पान काचेवर ठेवले की मजकूर ओळखून मोठ्याने वाचणारे यंत्र लोकांसमोर आणले. ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखण्याचे तंत्र), स्कॅनर आणि कृत्रिम आवाज यांची सांगड त्यात होती. पुढे संगणक आला आणि पडद्यावरचा मजकूर ऐकवणारी सॉफ्टवेअर आली. अपघातात दृष्टी गमावलेले टेड हेंटर यांच्या कंपनीने 1989मध्ये डॉस या विंडोजआधीच्या संगणकप्रणालीसाठी ‘जॉज’ काढले, 1995मध्ये त्याची विंडोज आवृत्ती आली. जॉज उत्तम होते, पण महाग. 2006मध्ये मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतले आणि ते मोफत ठेवले. पेन ड्राइव्हवर घेऊन कुठल्याही संगणकावर चालवता येणारे हे सॉफ्टवेअर भारतातल्या विद्यार्थ्यांसाठी केवढे मोठे दान आहे, हे ते वापरणाऱ्यांनाच विचारावे. त्याच्या सोबत येणारा आवाज मराठीही बोलतो.

मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात 2003मध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एक्सआरसीव्हीसी हे केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांपुढची अडचण केवळ यंत्रांची नव्हती. पुस्तक स्कॅन करून वाचनयोग्य करणे म्हणजे त्याची प्रत काढणे, आणि प्रत काढायला कॉपीराइट आडवा येई. कॉपीराइट कायद्याच्या 2012च्या दुरुस्तीने ही अट शिथिल झाली. पुढच्याच वर्षी दृष्टिहीनांसाठी अशा प्रती काढण्याची मुभा देणारा आंतरराष्ट्रीय माराकेश करार झाला आणि 2014मध्ये त्याला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. 2016मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले.

तरीही प्रत्येक पुस्तक, प्रत्येक नोट नंतर दुरुस्त करत बसायचे, हा मार्ग कधीच पुरा पडणारा नव्हता. साहित्य मुळातच नीट का करू नये? वेबपुरते त्याचे उत्तर वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेने 1999मध्ये दिले. ‘डब्ल्यूसीएजी’ ही मार्गदर्शक तत्त्वे तेव्हा आली, 2008मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती निघाली. चित्राला शब्दांत वर्णन द्या, व्हिडिओला कॅप्शन द्या, शीर्षक केवळ ठळक न करता शीर्षक म्हणूनच नोंदवा, मजकूर आणि पार्श्वभूमीच्या रंगांत पुरेसा फरक ठेवा, अशा सूचना त्यांत आहेत. वेबपाने तपासणारे ‘वेव्ह’ हे साधन 2001मध्ये टेम्पल विद्यापीठात तयार झाले आणि पुढे युटा स्टेट विद्यापीठातल्या वेबएआयएम या गटाने ते सांभाळले.

नियम होते, साधन होते, पण विद्यापीठे जागची हलली ती तक्रारींमुळे. 2009मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने पाठ्यपुस्तकांसाठी किंडल डीएक्स हे ई-पुस्तके वाचण्याचे उपकरण वापरून पाहायचे ठरवले. ते उपकरण पुस्तक वाचून दाखवू शकत होते, पण पुस्तकापर्यंत नेणारे मेनू मुके होते. अंधांच्या संघटना न्यायालयात गेल्या. जानेवारी 2010मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी अमेरिकी सरकारने सर्व महाविद्यालयांना पत्र लिहून असे उपकरण सक्तीचे करणे म्हणजे भेदभाव आहे, असे बजावले.

सगळ्यात मोठा धडा बर्कलीचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या शाखेने हजारो व्याख्याने जगासाठी मोफत खुली केली होती. 2014मध्ये कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने तक्रार केली की ती आम्हाला कळत नाहीत. ऑगस्ट 2016मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने तक्रार ग्राह्य धरली : अनेक व्हिडिओंना कॅप्शन नव्हती किंवा यंत्राने केलेली कॅप्शन चुकीची होती, काही कागदपत्रे स्क्रीन रीडरला वाचता येत नव्हती. मार्च 2017मध्ये विद्यापीठाने 20,000हून अधिक ध्वनिचित्रफिती लोकांसाठी बंद केल्या. तेव्हा अनेकांनी तक्रारदारांनाच बोल लावले. मला तो राग अन्यायकारक वाटतो. जे साहित्य त्यांना कधी मिळालेच नव्हते, ते बंद झाल्याचा दोष त्यांच्या माथी मारला गेला. कॅप्शन देण्याचा खर्च सुरुवातीलाच धरला असता तर ही वेळ आली नसती. 2022मध्ये विद्यापीठ आणि न्याय विभाग यांच्यात समझोता झाला आणि ऑनलाइन साहित्य ठरावीक मुदतीत सुगम्य करण्याचे विद्यापीठाने मान्य केले.

याच वर्षांत तपासणी थेट शिक्षकाच्या टेबलावर आली. 2016मध्ये ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली पुरवणाऱ्या ब्लॅकबोर्ड या कंपनीने ‘ॲलाय’ हे तपासणीचे साधन विकत घेतले. शिक्षकाने फाइल चढवली की तिच्याशेजारी लाल, नारिंगी किंवा हिरवा मीटरसारखा काटा दिसतो. त्यावर क्लिक केले की काय चुकले आणि कसे सुधारायचे ते कळते. विद्यार्थ्याला तीच फाइल ऑडिओ, ईपब (ई-पुस्तक) किंवा ब्रेल रूपात उतरवून घेता येते. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने कॅनव्हास या दुसऱ्या अध्यापन-प्रणालीसाठी ‘यूडॉइट’ हे असेच साधन बनवून सर्वांना खुले केले. या साधनांची मर्यादा मात्र ओळखावी. चित्राला वर्णन आहे की नाही हे यंत्राला कळते. ‘आकृती 3’ एवढेच लिहिलेले वर्णन निरुपयोगी आहे, हे माणसालाच कळते.

भारतात 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 42ने इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम्य असावा असे म्हटले. 2022मध्ये यूजीसीने उच्चशिक्षण संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितले की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवून चालणार नाही, किमान काही बंधनकारक हवेत. एप्रिल 2025मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

कायदा इथवर आला. मराठी साहित्याची गाठ मात्र त्याहून जुनी आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी डीटीपी (संगणकावरची छपाईची जुळणी) ज्या फाँटवर उभे राहिले, त्यांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. सी-डॅकची मांडणी एक, श्रीलिपीची दुसरी, शिवाजीची तिसरी. मराठी छपाई संगणकावर आली ती याच फाँटमुळे, त्यांचे ऋण मोठेच आहे. पण फाइलच्या पोटात प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसणारे पान कानांना निव्वळ गोंगाट ऐकवते. पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरला युनिकोड येत नसल्यामुळे छपाईच्या धंद्यात हे फाँट पुढे कितीतरी वर्षे टिकले, आणि प्रश्नपत्रिका व अभ्यासपुस्तिकाही त्यांतच होत राहिल्या. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराची पीडीएफ करतानाही पहिली वेलांटी कधी अक्षराच्या अलीकडे जाऊन बसते आणि शब्द मोडतो.

मूळ फाइल हाती असेल तर जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणारी रूपांतरके आहेत. त्यासाठी कुठला फाँट वापरला हे माहीत हवे. केवळ पीडीएफ उरली असेल तर ओसीआर करावे लागते, आणि जोडाक्षरे, रफार, अनुस्वार इथे ते अजून अडखळते. मुद्रितशोधनाला माणूस बसवावाच लागतो. म्हणून विद्यापीठाने छापखान्याला काम देतानाच करारात युनिकोड मूळ फाइलची अट घालणे हे सगळ्यात स्वस्त साधन आहे. ते घ्यायला कुठले सॉफ्टवेअर विकत आणावे लागत नाही.