बसवाला, टॅक्सीवाला आणि औटकीचा पाढा

इंजिनिअरिंगला एम थ्रीमध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, मला केटी लागली (विषय राहिला) तेव्हा सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर तो याचा की मी अभ्यास केला होता. म्हणजे खरंच केला होता. पी.एल.मध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, रोज आठ-नऊ तास, नोट्स पाच वेळा वाचलेल्या, पिवळ्या हायलायटरने पानं अशी रंगवलेली की हळदीच्या कार्यक्रमातून आणल्यासारखी दिसायची. रूममेट रात्री उशिरापर्यंत गप्पा मारायचा, मधेच एखादं गणित कागदावर करून बघायचा, चुकला की स्वतःलाच शिव्या द्यायचा, परत करायचा आणि झोपायचा. तो पास, मी नाही. घरी फोन केल्यावर काकांनी ठरलेलं वाक्य ऐकवलं, प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे. (बाय द वे, हे वाक्य मेहनतीचं कौतुक म्हणून सगळे वापरतात, पण वामन पंडितांचा तो श्लोक शेवटपर्यंत वाचा. एक वेळ वाळूतून तेल निघेल, पण मूर्खाची समजूत काही पटवता येणार नाही, असा त्याचा शेवट आहे. काकांना हे माहीत असेल असं वाटत नाही, पण त्या दिवशी ते फिट बसलं.)

मेहनत केली की यश मिळतं हे लहानपणापासून ऐकतोय. पण कुठली मेहनत? याचं मला पटलेलं सगळ्यात चांगलं उत्तर लंडनच्या टॅक्सीवाल्यांकडून मिळालं.

लंडनमधल्या त्या काळ्या टॅक्सी फोटोत बघितल्या असतील. ती चालवायचं लायसन्स मिळवायला एक परीक्षा द्यावी लागते, तिचं नावच ‘नॉलेज’. १८६५ पासून चालू आहे, म्हणजे तेव्हा घोडागाडीवाल्यांसाठी होती. चेरिंग क्रॉस हा मध्य धरून सहा मैलांच्या, म्हणजे साधारण दहा किलोमीटरच्या परिघातले सगळे रस्ते पाठ पाहिजेत. सुमारे २५,००० रस्ते. त्यात लंडन काही कुणी पट्टी घेऊन आखलेलं शहर नाही, आपल्या पुण्यातल्या पेठांसारखंच, वाटेल तिथे वळणारे बोळ, वन वे, अर्ध्यात नाव बदलणारे रस्ते. शिवाय हॉस्पिटलं, थिएटरं, पब, पुतळे, क्लब हे सगळं कुठल्या रस्त्यावर कुठे आहे तेही. तयारीला तीन-चार वर्षं सहज जातात आणि बरेच जण मधेच सोडून देतात.

तयारी कशी करतात ते बघण्यासारखं आहे. ३२० ठरलेले मार्ग असतात, त्यांना रन म्हणतात. पहिला रन मॅनर हाऊस स्टेशन ते गिब्सन स्क्वेअर, तिथला प्रत्येक ड्रायव्हर हा रन झोपेतसुद्धा म्हणेल. मुलं मोपेड घेतात, हँडलवर क्लिपबोर्ड लावतात, त्यावर नकाशा, आणि थंडीपावसात तो रन प्रत्यक्ष गाडी चालवून करतात. दोन्ही टोकांना पाव मैलाच्या वर्तुळात काय काय आहे ते फिरून टिपून घेतात. घरी भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरायचा आणि दोऱ्याच्या जास्तीत जास्त जवळून जाणारा रस्ता शोधायचा. मग जोडीदाराला समोर बसवून तो मार्ग मोठ्याने म्हणायचा, लीव्ह ऑन लेफ्ट ग्रीन लेन्स, राइट ब्राऊन्सवूड रोड, लेफ्ट ब्लॅकस्टॉक रोड, असं पुढे पुढे. याला ते कॉलिंग ओव्हर म्हणतात, आणि ऐकताना मला तरी आपल्याकडचं संध्याकाळी पाढे म्हणणंच आठवतं. फरक एवढाच की समोरचा चूक पकडायला बसलेला असतो.

आणि परीक्षा तोंडी. सूट-टाय घालून परीक्षकासमोर बसायचं, तो कुठलीही दोन ठिकाणं सांगणार, तुम्ही आधी ती कुठे आहेत ते सांगायचं आणि मग नकाशा न बघता एक एक रस्ता, एक एक वळण म्हणत तिथे पोचायचं. आज काय विचारतील याचा काही नेम नाही, ३२० रन पाठ असले तरी विचारलेला मार्ग त्यातला असेलच असं नाही, दहा रनचे तुकडे जोडून तो तिथल्या तिथे डोक्यात तयार करावा लागतो. अशा मुलाखती एकदा होऊन संपत नाहीत. आधी ५६ दिवसांच्या अंतराने, जमलं की २८, मग २१. सारख्या चुका झाल्या तर मागच्या पायरीवर ढकलतात. चार वर्षं हे चालतं, विचार करा.

आता विज्ञानाकडे येऊ. लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एलेनॉर मॅग्वायर नावाच्या आयरिश शास्त्रज्ञ होत्या. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला रस्ते अजिबात सापडायचे नाहीत, कायम चुकायच्या, आणि बहुतेक म्हणूनच त्यांना या लोकांचं कुतूहल. २००० साली त्यांनी १६ टॅक्सीवाल्यांच्या मेंदूचं एमआरआय केलं. मेंदूत कानाच्या बाजूला आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग असतो, समुद्रघोड्याच्या आकाराचा, नावही त्यावरूनच पडलंय. नवीन आठवणी तयार करणं आणि आपण कुठे आहोत, कुठून कसं जायचं याचा हिशोब ठेवणं ही त्याची मुख्य कामं. तर या टॅक्सीवाल्यांमध्ये त्याचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि जितकी वर्षं जास्त टॅक्सी चालवलेली तितका जास्त मोठा. मोठेपणी मेंदू बदलत नाही, जे काय व्हायचं ते लहानपणीच, असं तोपर्यंत सर्रास मानलं जायचं, त्यामुळे या कामाची चर्चा खूप झाली. २००३ मध्ये त्याला इग नोबेलही मिळालं, म्हणजे ते आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस.

पण कुणीही शहाणा माणूस इथे विचारेल की बाबा, मेंदू रस्त्यांमुळे वाढला हे कशावरून? रोज ट्रॅफिकमध्ये बसून, शिव्या खाऊन, गाडी चालवूनच वाढला असेल तर? म्हणून २००६ मध्ये त्यांनी टॅक्सीवाल्यांची तुलना बसवाल्यांशी केली, आणि माझ्या मते हा या सगळ्यातला सगळ्यात भारी भाग आहे. बसवालाही लंडनचाच, तेच रस्ते, तोच ट्रॅफिक, तितकीच वर्षं स्टिअरिंगवर, प्रवाशांची किटकिटही तीच. फक्त त्याचा रूट ठरलेला. सकाळी डेपोतून निघायचं, तेच स्टॉप, तीच वळणं, परत डेपो. बसवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग टॅक्सीवाल्यांपेक्षा लहान होता, आणि वीस वर्षं बस चालवली काय, पाच वर्षं चालवली काय, त्यात वर्षांप्रमाणे वाढ दिसत नव्हती.

हे वाचलं आणि मला माझ्या हायलायटर मारलेल्या नोट्स दिसल्या. मी बस चालवत होतो! पान एक ते पान ऐंशी, परत पान एक. प्रत्येक फेरीला रस्ता ओळखीचा वाटायचा आणि ओळखीचं वाटतंय म्हणजे आपल्याला येतंय असा समज व्हायचा. पेपरात मात्र कुणी पान एकपासून विचारत नाही, तिथे टॅक्सीत बसलेलं गिऱ्हाईक कुठलाही पत्ता सांगतं.

यावर २००६ सालचाच एक प्रयोग आहे, अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो परत परत वाचला, चार फेऱ्यांमध्ये. दुसऱ्या गटाने एकाच फेरीत वाचला आणि नंतर तीन वेळा कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं, उतारा परत न बघता. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. म्हणजे आई-वडिलांनी त्या क्षणी बघितलं असतं तर म्हणाले असते, बघ, तो कसा नीट वाचत बसतो. एक आठवड्याने मात्र उलटं झालं, वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि लिहिणारे ६१ वर. आठवायला जोर लावणं, अडकणं, चुकणं यातच आठवण पक्की होत असते, आणि त्या वेळी माणसाला वाटत असतं की आपल्याला काहीच येत नाही. माझा रूममेट शिव्या देत होता तेव्हा त्याचं नेमकं हेच चाललं होतं, त्यालाही माहीत नव्हतं.

माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं आणि त्यांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळे पाढे यायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. १७ रुपये किलोची वस्तू दीड किलो घेतली तर साडेपंचवीस, हे गिऱ्हाईक पिशवी पुढे करेपर्यंत त्यांच्या तोंडून निघालेलं असायचं. आम्हा भावंडांना सुट्टीत ते पाढे ओळीने म्हणायला लावायचे, पण खरी मजा जेवताना. मधेच ताटावरून मान वर करून विचारायचे, “औट तेरा?” घास तोंडात, सगळे गप्प. मग मी मनातल्या मनात औट दाहे पस्तीस, औट त्रिक साडेदहा, अशी जुळवाजुळव करून साडेपंचेचाळीस म्हणायचो आणि आजोबा काही न बोलता मला एक पापड जास्त वाढायचे. ओळीने म्हणणं म्हणजे बस, आणि “औट तेरा?” म्हणजे टॅक्सी. पाठांतराला नावं ठेवायची आता फॅशन झालीये, पण पाढा पाठ नसता तर मी जुळवाजुळव तरी कशाची करणार होतो?

आता एक प्रश्न राहतोच. ज्यांचा हिप्पोकॅम्पस मुळातच चांगला तेच टॅक्सीवाले होत असतील तर? मग मेहनतीचं श्रेय कुठे उरलं. हे शोधायला मॅग्वायर आणि कॅथरिन वूलेट यांनी ७९ जणांना नॉलेजच्या तयारीच्या सुरुवातीलाच गाठलं, स्कॅन केलं आणि वाट बघितली, तीन-चार वर्षं. निकाल २०११ मध्ये आला. ७९ पैकी ३९ पास झाले. सुरुवातीला पास होणाऱ्यांच्या आणि न होणाऱ्यांच्या मेंदूत काहीही फरक नव्हता. शेवटी पास झालेल्यांचा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढला होता, न झालेल्यांपैकी जे परत तपासणीला आले त्यांचा होता तसाच. म्हणजे वाढ तयारीतूनच झाली.

याच अभ्यासातला एक आकडा बातम्यांमध्ये फारसा येत नाही. पास झालेले आठवड्याला सरासरी ३४ तासांच्या वर तयारी करत होते, न झालेले सुमारे १७ तास. लगेच म्हणू नका की बघा, आळशी होते. आठवड्याला ३४ तास म्हणजे जवळजवळ दुसरी नोकरी, तीही बिनपगारी, चार वर्षं. ज्याच्या घरी लहान पोरं आहेत, घरभाडं आहे, ज्याला दिवसभर दुसरीकडे राबावं लागतं, त्याने हे तास आणायचे कुठून? पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणारी मुलं बघा. एकाला घरून दर महिन्याला पैसे येतात, दुसरा रात्री कुठेतरी ड्युटी करून सकाळी खुर्चीत येऊन पेंगतो. निकाल लागल्यावर आपण दोघांच्या मेहनतीची तुलना करतो, मेहनत करायला लागणारा वेळ कुणाकडे किती होता ते कुणी विचारत नाही. मेहनत ही चैनीची गोष्ट नाही, पण तिच्यासाठी लागणारा वेळ ही बऱ्याच जणांसाठी चैनच आहे.

आणि ते दहा हजार तासांचं प्रकरण, दहा हजार तास घासलं की माणूस एक्स्पर्ट होतो असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं, ते तर सोडूनच द्या. बर्लिनच्या व्हायोलिन वाजवणाऱ्यांवर १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांचा जो पेपर आला त्यातून ते निघालं. पण दहा हजार ही त्यातल्या सगळ्यात चांगल्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, त्या गटातलेच बरेच जण तिच्या खाली होते. एरिक्सन स्वतः वैतागून सांगायचे की असा काही नियम नाही. त्यांचा भर तासांवर नव्हताच, तर न जमणारा तुकडा निवडून, कुणीतरी चूक दाखवत असताना तोच परत परत करण्यावर होता. गाण्यातले लोक याला रियाज म्हणतात, आणि गुरू समोर बसून एकच पलटा, म्हणजे स्वरांचा एक तुकडा, तासभर का घोटून घेतात हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

टॅक्सीवाल्यांच्या गोष्टीत अजून एक खोच आहे. पास झालेल्यांना एक किचकट आकृती दाखवून, कागदावर काढायला लावून, अर्ध्या तासाने परत आठवून काढायला सांगितली, तर ते इतरांपेक्षा कच्चे निघाले. २००० च्या स्कॅनमध्येही मागचा भाग मोठा तर पुढचा भाग लहान दिसला होता. म्हणजे एका खोलीत सामान भरलं की दुसऱ्या खोलीतली जागा थोडी जाते की काय, असा संशय येतो. फुकट काही मिळत नाही.

आमच्या आजोबांना औटकी शेवटपर्यंत तोंडपाठ होती पण चष्मा कुठे ठेवला ते कधीच आठवायचं नाही. मी एकदा आजीला हे सगळं हिप्पोकॅम्पस वगैरे मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मेंदूबिंदू काही नाही रे, मी उठून शोधून देते म्हणून.”