पार्श्वभूमी : दुर्बिणीच्या ऑपरेशनात 'अवघड केस' कशाला म्हणायचं?

भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९७२ साली पोटात दुर्बीण घालायला सुरुवात केली. तेव्हा तिच्यातून कापायचं काहीच नव्हतं, नुसतं बघायचं होतं. आणि अवघड होतं ते बघणंच. पोटात पाणी साठलंय, ताप हटत नाही, वजन उतरतंय. क्षय की कर्करोग? सीटी स्कॅनचा पत्ता नव्हता. त्यामुळे एकतर पोट उघडायचं, नाहीतर अंदाजाने औषध सुरू करायचं. दुर्बिणीने तिसरी वाट दिली. बेंबीपाशी छोटा छेद घ्यायचा, पोट फुगवायचं आणि नळीला एक डोळा लावायचा. आतल्या अस्तरावर रव्याच्या कणांसारखे पांढरे दाणे पसरलेले दिसले की क्षयाची शंका बळावायची. मग त्यातलाच तुकडा काढून तपासणीला पाठवायचा. दिसायचं ते फक्त डोळा लावणाऱ्याला. शेजारचा मदतनीस ऐकीव माहितीवर उभा!

पोट फुगवण्यासाठी जी सुई वापरतात तिचीही गंमत आहे. हंगेरीच्या यानोश व्हेरेश यांनी ती १९३०च्या दशकात घडवली ती क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी. पोटाशी तिचा काही संबंध नव्हता. बाहेरून धारदार, पण अडथळा संपला की आतलं बोथट टोक स्प्रिंगने पुढे येतं, म्हणजे खालचा अवयव टोचला जाऊ नये. क्षयासाठी जन्मलेली ही सुई मुंबईत पुन्हा क्षयाच्याच शोधात पोटात शिरली.

खेड्यापाड्यात मात्र दुर्बीण पोचली ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. 'टाक्याचं की बिनटाक्याचं?' हा प्रश्न तिथलाच. (एखादा टाका पडतोच, पण तो कोण मोजतो?)

जर्मनीत कुर्ट झेम यांनी १९८० साली दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, १९८५मध्ये एरिख म्यूहे यांनी पित्ताशय. दोघांच्याही वाट्याला आधी आली ती टिंगल. मग छोटा व्हिडिओ कॅमेरा दुर्बिणीला जोडला गेला आणि सगळं पालटलं. जे एकाच डोळ्याला दिसायचं ते पडद्यावर सगळ्या थिएटरला दिसू लागलं, मदतनीसाचे हातही कामाला आले. ३१ मे १९९० रोजी जे. जे.मध्येच उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातलं ते पहिलं. काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनीही ते केलं. उजव्या बरगडीखालचा वीतभर व्रण आणि रुग्णालयातला आठवडा हळूहळू मागे पडला.

पण या सोयीची किंमतही मोजावी लागली. जगभर ही पद्धत झपाट्याने पसरली तशा यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या पित्तनलिकेला इजा होण्याच्या घटना वाढल्या. पडदा सपाट, बोटांना स्पर्श नाही, आणि पित्ताशयाच्या मुळाशी असलेल्या कॅलोच्या त्रिकोणात सुजेने सगळंच एकमेकांना चिकटलेलं. अशा वेळी मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयाची नळी वाटू शकते, आणि चुकून तीच कापली जाते. म्हणून १९९५मध्ये अमेरिकी सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी कसोटी मांडली : पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी (त्याची नळी आणि रक्तवाहिनी) मोकळ्या दिसल्या पाहिजेत, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटला पाहिजे, तोवर नळी बंद करणारी क्लिप लावायची नाही. नाही दिसलं तर? पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवून बाहेर यायचं, किंवा पोट उघडायचं. थिएटरच्या भाषेत 'कन्व्हर्ट' करायचं. नातेवाइकांना ते अपयश वाटतं. माझ्या मते वेळेवर कन्व्हर्ट करणारा सर्जनच भरवशाचा. आता शिरेतून दिलेला हिरवा रंग पित्तात उतरतो आणि खास प्रकाशात नलिका चमकते, एवढी मदत मिळते. पण थांबायचं कधी, ते त्या रंगाला कळत नाही.

दरम्यान तोंडातून जाणारी दुर्बीणही बघण्यापुरती राहिली नाही. अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडत नाही अशा आजारात १९१३ साली अर्न्स्ट हेलर यांनी पोट उघडून तिथला स्नायू कापला होता. पुढे तेच दुर्बिणीतून होऊ लागलं. २००८मध्ये जपानच्या हारुहिरो इनोए यांनी तोंडावाटे जाऊन, अस्तराखाली बोगदा खणून तोच स्नायू आतून कापला. बाहेर एकही छेद नाही. आज हे मुंबईतही होतं.

शिकणं मात्र अजून खोक्यापासूनच सुरू होतं. खोक्याला दोन भोकं, आत कॅमेरा, आणि चिमट्याने मटाराचे दाणे एका वाटीतून दुसरीत. हात डावीकडे गेला की टोक उजवीकडे जातं, याची सवय व्हायला आठवडे लागतात. हे दाणे आजचे निवासी डॉक्टर सफाईने उचलतात. उघड्या पोटातून पित्ताशय काढणं त्यांच्या आधीच्या पिढीला रोजचं होतं, यांच्या वाट्याला ते क्वचित येतं. येतं तेही नेमकं अशा पोटात, जिथे दुर्बिणीने आधीच हात टेकलेले असतात.