मेणवलीचे दफ्तर आणि नानांचे वकील

वाईहून कृष्णेच्या काठाने थोडे पुढे गेले की मेणवली लागते. लोक तिथे वाडा, घाट आणि वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा पाहायला जातात. सिनेमावाल्यांनीही हा घाट बराच वापरला. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र मेणवली म्हटले की दफ्तर, म्हणजे तिथल्या जुन्या कागदपत्रांचा साठा, आठवते.

नाना फडणवीस, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, यांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्यातच झाला. मेणवली गाव त्यांना औंधच्या पंतप्रतिनिधींकडून १७६८ मध्ये मिळाले आणि पुढे तिथे वाडा उभा राहिला. फडणिशी हे मुळात हिशेबाचे काम. नानांनी त्याच्या जोडीला दरबारोदरबारच्या बातम्यांचेही काम उभे केले. दिल्लीत हिंगणे घराणे पिढ्यान्पिढ्या वकिली, म्हणजे दरबारात पुण्याचे प्रतिनिधी म्हणून काम, करत होते. हैदराबादला गोविंदराव कृष्ण काळे होते. महादजी शिंद्यांच्या गोटातून, नागपूरकर भोसल्यांकडून, म्हैसूरच्या बाजूने, शिवाय मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांबद्दलही पत्रे येत. पानिपतावरून जिवानिशी परतले तेव्हा नाना जेमतेम अठरा वर्षांचे होते. पुढे ते रणात फारसे रमले नाहीत. त्यांची लढाई कागदावरची, आणि १७८० साली हैदर, निजाम व भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एका बाजूला आणण्याचा डाव याच कागदांवर रचला गेला. तो पुरता जमला नाही. भोसल्यांना इंग्रजांनी परस्पर वळवले, निजाम थंडावला. तरी १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत इंग्रजांना ज्या अडचणी आल्या, त्यांत या डावाचा वाटा मोठा होता.

वकिलाचे पत्र हाती घेतले की पहिल्यांदा त्याची लांबी जाणवते. मायना, ‘विनंती ऐसीजे’, आणि मग सुरू होतो तो दरबारचा अख्खा दिवस: नवाब कोणाशी हसून बोलले, कोणाला उभे ठेवले, विड्याच्या वेळी कोण आत होते, बाजारात काय बोलले जाते. ऐकीव ते ऐकीव म्हणून वेगळे लिहिलेले असते. काय लिहायचे नाही हे ठरवण्याचा अधिकार वकिलाला नव्हता. त्यामुळे निवाडा पुण्यावर सोडून तो सगळेच लिहीत असे. बखरकाराला गोष्ट सांगायची असते, वकिलाला उद्या जाब द्यायचा असतो. म्हणूनच बखरीपेक्षा हा कागद इतिहासाला जास्त उपयोगी ठरला, असे मला वाटते.

त्याच पत्राचा त्रासही तेवढाच. अक्षर मोडी, शब्दांत जागा नाही, आणि तारीख ‘छ २५ रमजान’ अशी: चंद्राचा दिवस आणि महिना, सालाचा पत्ता नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होते, मग ते घालायचे कशाला? कधी पत्र पोहोचल्यावर कारकुनाने वर पैवस्तीची, म्हणजे पत्र मिळाल्याची, नोंद केलेली असते. नशीब असेल तर तीत ‘इहिदे समानीन’ असे सालही मिळते, म्हणजे एक्याऐंशी: अरबी सन ११८१, इसवी १७८०-८१. नाही तर मजकुरातल्या एखाद्या लग्नावरून, मृत्यूवरून, लष्कराच्या मुक्कामावरून साल काढत बसायचे. एक साल चुकले तर कारणाच्या जागी परिणाम बसतो.

नाना १८०० मध्ये गेले. दुसऱ्या बाजीरावाची त्यांच्या घराण्यावर मर्जी नव्हती. पत्नी जिऊबाई अनेक वर्षे इकडेतिकडे आसरा शोधत राहिल्या आणि पेशवाई बुडाल्यावर मेणवलीत स्थिरावल्या. दफ्तराचा बराच भाग घराण्याकडे राहिला. हीच गोष्ट पुढे निर्णायक ठरली, कारण पुण्यातले पेशव्यांचे सरकारी दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. त्यांना त्याचा उपयोग इनामांच्या आणि वतनांच्या चौकशीसाठी होता. गणेश चिमणाजी वाड यांनी काढलेले रोजनिशांचे उतारे छापले गेले, हा अपवाद. एरवी बाहेरच्या अभ्यासकाला ते दार सहजी उघडत नव्हते.

सत्तेच्या जोरावर कागद गोळा करणारा एक माणूस साताऱ्यातच होऊन गेला होता: कॅप्टन ग्रँट डफ. १८१८ नंतर तो प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी होता. पुण्याचे दफ्तर, साताऱ्याचे कागद, मुंबईच्या इंग्रजी नोंदी, सगळीकडे त्याला वाट मोकळी. त्याचा तीन भागांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला आणि पुढची कित्येक दशके तोच प्रमाण मानला गेला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये त्यावर टीका केली, तेव्हा कुठे आपल्या लोकांना वाटले की मूळ कागद आपणही पाहावेत.

पण पाहायचे कुठे? सरकारी दफ्तर बंद, म्हणून मोर्चा वाड्यांकडे वळला. वाईत मिळालेल्या कागदांवरून वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवता शिकवता पटवर्धनांच्या दफ्तरात बुडाले होते. त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून निघू लागला आणि १९२४ मध्ये ते जाईपर्यंत चालू राहिला. संपादनाच्या बाबतीत माझे मत शास्त्रीबुवांच्या बाजूने पडते. ते नुसती पत्रे ओतत नाहीत, प्रकरण समजावून सांगून मग पत्र पुढे ठेवतात. राजवाड्यांची प्रस्तावना वाचायला जास्त मजा येते, हेही खरेच.

मेणवलीच्या दफ्तराचा मोठा भाग दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती आला. पारसनीस साताऱ्याचे. सरकारदरबारी वजन, संस्थानिकांशी ओळखी आणि जुन्या कागदांसाठी वाटेल तितक्या खेपा घालण्याची चिकाटी, हे एकत्र क्वचितच जमते. राजवाड्यांना जे वाडे दाद देत नसत, तिथे रावबहादुर पारसनिसांचे काम होऊन जाई. १९०८ मध्ये त्यांनी ‘इतिहाससंग्रह’ मासिक सुरू केले आणि हिंगण्यांच्या काळातली दिल्लीची राजकारणे मराठी वाचकाला मूळ पत्रांतून दिसू लागली. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीतही लिहिला. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले, पण ते फार दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९२६ मध्ये ते वारले.

पुण्याचे सरकारी दफ्तर खऱ्या अर्थाने उघडले ते त्यानंतर. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडलेले ४५ भाग छापले. तोवर मराठेशाहीच्या परराष्ट्र राजकारणाचा आराखडा वाई, मेणवली आणि मिरजेच्या कागदांवरून बराचसा तयार झाला होता. आता एकाच प्रकरणाचे पत्र एका दफ्तरात आणि त्याचे उत्तर दुसऱ्यात असे जुळवून पाहता येऊ लागले.

पारसनिसांचा संग्रह १९३९ मध्ये साताऱ्याहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. मेणवलीचे कागद आज पाहायचे असतील तर वाईची नव्हे, पुण्याची गाडी धरावी लागते, आणि जाण्याआधी मोडी शिकून घ्यावी लागते.